आईला पुढे बसवा

एप्रिल महिना लागला की आमच्या वस्त्यांमधून कार्यक्रमांची रेलचेल सुरू होते. १४ एप्रिलची जयंती होते, तिच्या पाठोपाठ वैशाख पौर्णिमा येते. शाळांना सुट्ट्या असतात म्हणून लग्ने, नामकरण विधी, गृहप्रवेश हे सारे याच दोन महिन्यांत उरकले जाते. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणगौरवाचे फलक चौकाचौकांत झळकतात. एकेका आठवड्यात दारात तीन-तीन पत्रिका येऊन पडतात.

या कार्यक्रमांतून आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे वावरत आलो आहोत. कधी पाहुणे म्हणून, कधी सूत्रसंचालक म्हणून, तर पुष्कळदा कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते म्हणून. एवढ्या वर्षांत एक प्रश्न मात्र आमच्या मनातून जात नाही. ज्या लेकराचा हा सोहळा, त्याची आई या सोहळ्यात कुठे असते? आज त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

आईचा आनंद कसा असतो, हे समारंभापेक्षा रोजच्या घरात अधिक चांगले दिसते. गेल्या जूनमध्ये घेतलेला शाळेचा गणवेश या जूनला आखूड झाला की बाप नव्या खर्चाचा विचार करू लागतो. आई मात्र पोराला समोर उभे करते, वरून खालपर्यंत पाहते आणि शेजारणीला सांगते, "बघा वहिनी, वर्षात केवढा वाढला!" अंगणवाडीत वजन करताना ताईंच्या आधी आईची नजर काट्यावर जाते. वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की तिला हायसे वाटते. पोराने पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले, मुलीने पहिल्यांदा एकटीने रेशनच्या दुकानातून साखर आणली, रात्री उशिरा घरी आल्यावर मोठ्याने आपण होऊन ताट वाढून दिले, अशा गोष्टी ती महिनोन्‌महिने आठवत राहते. यासाठी मंडप लागत नाही की बॅनर लागत नाही.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. नवरा लवकर गेला. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुली आणि एक मुलगा वाढवला. धाकट्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी कागद शोधायचे होते म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मावशींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत तिन्ही लेकरांची लसीकरणाची कार्डे होती, बालवाडीतला एक फोटो होता, प्रत्येक इयत्तेचे प्रगतिपुस्तक होते, थोरलीच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचे प्रमाणपत्र होते आणि लॅमिनेशन केलेली दहावीची गुणपत्रिका होती. मावशींना वाचता येत नाही. पण कोणता कागद कोणाचा, हे त्या घडीवरून आणि डागावरून ओळखतात. एक कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, हे थोरलीच्या डोसाचं. त्या दिवशी लई पाऊस होता, पदराखाली झाकून नेली होती तिला." थोरली आज नर्स आहे आणि दुसऱ्यांच्या बाळांना डोस देते. सोने-नाणे मावशींच्या पेटीत नव्हते. त्यांनी जपून ठेवले होते ते मुलांचे वाढणे.

हा आनंद आपल्या मागच्या पिढ्यांतील मातांच्या वाट्याला सहजासहजी आलेला नाही, हे आजच्या तरुण आई-बापांनी विसरू नये. रामजी सुभेदार आणि माता भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. त्यांतली मोजकीच जगली. चौदावे रत्न म्हणजे बाबासाहेब. ते अवघे पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांना आईच्या मायेने सांभाळले. पुढे १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले. आज आपण गल्लोगल्ली जे गुणगौरव समारंभ करतो, त्यांच्या वंशावळीत ही सभा फार वरच्या जागी आहे. पण ज्या माउलीने त्या दिवशी डोळे भरून पाहायला हवे होते, ती तेव्हा या जगात नव्हती.

माता रमाईंचे दुःख तर आपण सारे जाणतो. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. त्यानंतर नऊ वर्षांनी, २७ मे १९३५ रोजी रमाई स्वतः गेल्या. एकटे उरलेले यशवंतराव, पण त्यांचे लग्न पाहणेही त्या आईच्या नशिबी आले नाही.

हे केवळ एका घराचे दुःख नव्हते. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करीत होत्या. बाळंतपणाची रजा घ्यावी तर पगार बुडे, आणि पगार बुडाला तर चूल बंद. मग पोर दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळागोळी देऊन आया कामावर जात. आपलेच लेकरू गुंगीत ठेवण्याची पाळी ज्या आईवर येते, तिने त्याचे रांगणे, बोबडे बोलणे कधी पाहावे? १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलपुढे आले, तेव्हा सभासद असलेल्या बाबासाहेबांनी त्याचा ठामपणे पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, हा त्यांचा मुद्दा होता. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमांतून मालकाचाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळे सोडता येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ साली तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. ऑफिसात नोकरी करणारी आपली एखादी भगिनी आज सहा महिने बाळाला मांडीवर घेऊन बसते, त्यामागे एवढा मोठा इतिहास आहे. आमच्या त्या मावशींसारख्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातात मात्र ही रजा आजही पडत नाही, हेही इथे नमूद करायला हवे.

दोन आकडे द्यावेसे वाटतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत असत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. महाराष्ट्रात ते १६ होते. म्हणजे बाळाचा पहिला वाढदिवस साजरा करता येणे ही आमच्या आजीच्या दृष्टीने केवढी नवलाची गोष्ट झाली असती! तेव्हा वाढदिवस, नामकरण हे सगळे थोतांड आहे, असे आम्ही म्हणणार नाही. लेकरू जगले, वाढले, शिकले याचा आनंद करायलाच हवा. प्रश्न आहे तो आनंद कसा करायचा आणि त्यात आईला कोणती जागा द्यायची याचा.

नामकरणाचेच पाहा. एके काळी आपल्याकडे दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवली जात. काही घरांतून लेकरू जगावे म्हणून मुद्दाम कुरूप नाव ठेवीत, तर काही वेळा गावातले वरचे लोक आपल्याला चांगले नाव ठेवू देत नसत. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचे नाव नकुशी! हे काही फार जुने नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक नकुशींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. धम्मक्रांतीनंतर मात्र आपल्या घरांतून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावे घुमू लागली. नाव ठेवणे ही आपल्या समाजात कधीच किरकोळ बाब नव्हती. म्हणूनच आमचा नामकरण विधी साधा असूनही मोलाचा आहे. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिसरण-पंचशील, बौद्धाचार्यांचे चार शब्द, बायकांनी म्हटलेला पाळणा आणि मग गोड जेवण. एवढ्यात सगळे आले.

मागे अशाच एका नामकरणाला आम्ही गेलो होतो. खोली दहा बाय बाराची, बाहेर गल्लीत ताडपत्री बांधलेली. बौद्धाचार्य आले, पाहुणे बसले, पुढच्या खुर्च्यांवर मंडळाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि होऊ घातलेले अध्यक्ष बसले. बाळ आत्याच्या मांडीवर होते. बौद्धाचार्यांनी विचारले, "बाळाची आई कुठे आहे?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ती बाई मागच्या मोरीपाशी परातीत शंभर माणसांचे पीठ मळत होती! अडीच महिन्यांची बाळंतीण. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही करा ना सुरू, मला इथून ऐकू येतंय." बौद्धाचार्य वयस्कर होते. त्यांनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, "सूनबाई, हात धुऊन पुढे ये. तू बसल्याशिवाय मी नाव घेणार नाही." मग ती पदराला हात पुसत आली, बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि नाव पुकारले गेले तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू उमटले, ते त्या दिवशी पहिल्यांदाच उमटले असावे. राहिलेले पीठ बाळाच्या काकाने आणि गल्लीतल्या दोन पोरांनी मळले. पोळ्या थोड्या वाकड्या झाल्या, पण कोणी उपाशी गेले नाही.

हे चित्र एका घरचे नाही. लग्नात नवऱ्या मुलीची आई भांडारात असते. जयंतीला पोरे नवे कपडे घालून मिरवणुकीला निघतात तेव्हा आई पुरण वाटत असते. वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान असते, ती खीर सकाळपासून ढवळणाऱ्या बाया वंदनेच्या वेळी चुलीपाशीच असतात. "तिला त्यातच आनंद वाटतो," असे पुरुष मंडळी म्हणतात. लेकरांना करून घालण्यात आईला आनंद वाटतो हे खरे आहे. पण नुसता तेवढाच आनंद तिच्या वाट्याला ठेवायचा आणि पाहण्याचा, मिरवण्याचा, चार माणसांत कौतुक ऐकण्याचा आनंद इतरांनी वाटून घ्यायचा, हा न्याय नव्हे.

आता खर्चाकडे येऊ. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम.ला शिकलेला जमा-खर्च डोक्यातून जात नाही. पहिल्या वाढदिवसाला मंडप, खुर्च्या, साउंड सिस्टिम, दोन मजली केक, फुगे, बाळाचा फोटो छापलेला बॅनर आणि शंभर माणसांचे जेवण असा बेत केला तर ३०,००० रुपये सहज उडतात. हातावर पोट असलेल्या घरात एवढे पैसे आणायचे कुठून? मग गल्लीतल्या सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना दराने उचलायचे. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज. वर्षाला १८,००० व्याज गेले आणि मुद्दल जागच्या जागी! बाळाचा दुसरा वाढदिवस येतो तेव्हा पहिल्या वाढदिवसाचे कर्ज घरात बसलेले असते. ते फेडायला आई आणखी एका घरचे काम धरते, नाहीतर कानातले गहाण टाकते. तेच महिन्याचे १,५०० रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत ९०,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. पोर शाळेत जायच्या वेळी हा पैसा हाताशी असतो. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खाते वर्षाला कमीत कमी २५० रुपयांत चालू ठेवता येते आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी त्यातली अर्धी रक्कम काढता येते. दोन मजली केक दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. वह्या-पुस्तकांसाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही, हे आईच्या आयुष्यभर लक्षात राहते.

आणि एक गोष्ट कडू असली तरी लिहितो. घरात नामकरण किंवा वाढदिवस असतो, समोर पंचशील म्हटले जाते, आणि रात्री मागच्या गल्लीत बाटल्या फुटतात. ज्या घरी असे घडते तिथे आईचा सगळा दिवस धाकात जातो. कोण कधी पिऊन येईल, कोण कोणाशी भांडेल, ही चिंता उराशी घेऊन ती पाहुण्यांना वाढत असते. तिचा आनंद असा नासवण्यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा.

वाढदिवसाला पेटलेल्या मेणबत्त्या फुंकून विझवण्याची रीत आपल्या घरांतूनही रुळली आहे. आम्हाला वाटते, मुलाचे वय जितके तितक्या मेणबत्त्या आईने आणि मुलाने मिळून लावाव्यात आणि त्या तेवत ठेवाव्यात. आमच्या वस्तीत दोन-चार घरांनी हे सुरू केले आहे. मेणबत्ती लावल्यावर आई त्या-त्या वर्षातली एक आठवण सांगते. अमुक वर्षी तुला गोवर आला होता, तमुक वर्षी तू शाळेत पहिला दिवसभर रडलास, दहाव्या वर्षी धावण्यात बक्षीस आणलेस. मुलांना हे फार आवडते. एरवी न बोलणारी आईसुद्धा त्या वेळी खुलून बोलते, आणि आपल्या वाढण्यामागे कोणाचे किती जागरण आहे हे पोरांना न रागावता कळते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मातांना सांगितले होते की, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. आज आपल्या घरांतून इंजिनिअर, शिक्षिका, नर्स, वकील निघतात, ते हा उपदेश मनावर घेतलेल्या अशिक्षित आयांमुळेच. मुलीच्या लग्नाइतकाच तिच्या पदवीचा सोहळा आईला गोड वाटावा, असे दिवस पुष्कळ घरांतून आले आहेत. जिथे आले नाहीत तिथे आणायचे आहेत.

आमचा दिवस ऑफिसात फॉर्म तपासण्यात जातो. पूर्वी फॉर्मवर मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव एवढ्यावर काम भागे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे. कागदावर आईला पुढची जागा मिळाली. या तारखेनंतर जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला काढताना आणि पुढे शाळेत नाव घालताना हा क्रम बरोबर आहे ना, हे पालकांनी नीट पाहून घ्यावे. मागाहून दुरुस्तीसाठी खेटे घालण्यापेक्षा ते सोपे.

कागदावर जे झाले ते घरातही व्हायला पाहिजे. त्यासाठी आमच्या काही साध्या सूचना आहेत. घरचा कार्यक्रम असेल त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावा, नाहीतर जेवण साधे ठेवावे. विधी सुरू होण्याआधी आईला पुढे बसवावे आणि पहिला हार किंवा पहिले फूल तिच्या हातून वाहावे. गुणगौरव समारंभात विद्यार्थ्याबरोबर त्याच्या आईलाही व्यासपीठावर बोलवावे आणि तिचे पूर्ण नाव पुकारावे. अमक्याची आई, एवढ्यावर भागवू नये. आहेराऐवजी पुस्तके द्यावीत. केळुसकर गुरुजींच्या एका पुस्तकाने काय घडवले ते आपल्यासमोर आहे. ज्या मुलांची आई नाही, त्यांच्या सोहळ्यात ज्या आत्याने, मावशीने, आजीने किंवा बापाने आईपण केले, त्यांना हा मान द्यावा. आणि कर्ज काढून कोणताही सोहळा करू नये.

माता-भगिनींनाही एक विनंती आहे. पुढे या म्हटले की "राहू द्या, मला काम आहे" असे म्हणू नका. तुमच्या लेकरांना तुम्ही समोर हव्या असता. व्यासपीठावर उभे राहिलेले पोर बक्षीस घेताना गर्दीत एकच चेहरा शोधते. तो चेहरा त्याला दिसला पाहिजे.

येत्या पौर्णिमेला, येत्या निकालाला, घरात पुढचे जे कार्य असेल त्याला याची सुरुवात करा. खर्च काही नाही. एक खुर्ची पुढे ठेवायची आणि आईचा हात धरून तिला तिथे बसवायचे.

जयभीम!